नलूसाठी पाहिलेली गल्ली

नागपूरहून परत आल्यापासून भेटेल तो संत्र्यांचं विचारतो. संत्री आणली नाहीत. आम्ही गेलो तेव्हा श्रावण संपत आला होता, संत्र्यांचा मोसम नव्हता, आणि असता तरी मला फळबाजारात जायला सवड नव्हती. मी नागपूर बघायला गेलेच नव्हते. मी तिथं फक्त राहायला एखादी बरी वस्ती मिळते का ते बघायला गेले होते. ती बघता बघता जे बघितलं, त्यानं माझं डोकं अजून ठिकाणावर नाही.

माझी धाकटी बहीण नलू. टेलिफोनमध्ये ऑपरेटर म्हणून तिची निवड झाली आणि नेमणूक आली ती थेट नागपूरला. आमच्या घरात त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही. एकटी मुलगी, परकं गाव, त्यात रात्रपाळी. शेवटी बाबांनी मला माहेरी बोलावून घेतलं. म्हणाले, "अक्का, तू शाळेतनं रजा काढ आणि हिच्याबरोबर जा. भली वस्ती मिळाली तर ठेव तिला तिथं. नाही मिळाली तर हाताला धरून परत आण. नोकरी गेली तरी चालेल. तुझ्या शब्दावर सोडलं." नलू दारामागं उभी राहून ऐकत होती. तिची नोकरी अशी माझ्या पसंतीवर टांगलेली, त्यामुळं गाडीत ती माझ्याशी बेतानंच बोलली. एवढंच म्हणाली, "अक्का, उतरायच्या आधीच नाक मुरडू नकोस."

नलूबद्दल आणखी एक सांगायला हवं, एरवी आम्ही ते सांगत नाही. लहानपणी बंबातलं कढत पाणी तिच्या अंगावर सांडलं. डाव्या गालापासून मानेपर्यंत कातडी आखडलेली आहे. घरात हा विषय कुणी काढत नाही. स्थळं येतात, नलू ट्रे घेऊन बाहेर येते, मंडळी पोहे खातात, चहा घेतात आणि "कळवतो" म्हणून जातात. पोहे दरवेळी मी करते. मंडळी गेल्यावर ताटल्या नलू घासते. यावरही कुणी बोलत नाही.

गाडीतला प्रवास सांगत बसत नाही, ज्यांनी केला आहे त्यांना माहीत आहे. स्टेशनजवळच्या धर्मशाळेत सामान टाकलं आणि दुसऱ्या दिवशी वस्त्या बघायला बाहेर पडलो.

धरमपेठेतलं फाटक

धरमपेठेचं नाव कोल्हापुरातच कुणीतरी दिलं होतं. सायकलरिक्षातून उतरले आणि मला वाटलं, शोध संपला. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, घरासमोर बोगनवेल, आणि इतकी शांतता की आमच्या चपलांचा आवाज आम्हालाच ऐकू येत होता. घरमालकीण वयस्क, पांढऱ्या पातळातल्या, बोलायला अतिशय गोड. खोली मागच्या बाजूला, स्वतंत्र न्हाणीघरासकट. खिडकीतून पेरूचं झाड दिसत होतं. बाबा असते तर तिथल्या तिथं हो म्हणाले असते.

चहा आला, खारी आली. मग त्यांनी विचारलं, "कामाची वेळ काय असते?"

"पाळ्या असतात," नलू म्हणाली. "कधी सकाळची, कधी रात्रीची."

बाईंचं हसू जागचं हललं नाही. "असं होय? आमच्याकडे रात्री फाटकाला कुलूप असतं हो."

"मला एक किल्ली द्या. मी आवाज करणार नाही."

"किल्लीचं नाही गं बाळ. पण आजूबाजूचे लोक विचारतात." असं म्हणताना त्यांची नजर नलूच्या गालावर गेली आणि तशीच घसरून पडद्यावर गेली. ती नजर मला नीट ओळखता येते. आमच्या बैठकीत येणाऱ्या प्रत्येकाची नजर अशीच पडद्यावर जाते.

त्यांनी आम्हाला फाटकापर्यंत पोचवलं, पुन्हा यायचं आमंत्रण दिलं. मला राग आला नाही, हे खरं सांगते. माझ्या मनात आलं, बाईंचं काय चुकलं? कोल्हापुरात मी घरमालकीण असते तर मीही असंच म्हटलं असतं. फक्त मला इतकं गोड जमलं नसतं.

वाडीचे ट्रक

धर्मशाळेच्या व्यवस्थापकानं सांगितलं, अमरावती रस्त्याला वाडी म्हणून गाव आहे, तिथं भाड्यानं खोल्या भरपूर. होत्या खऱ्या. पण खोल्या आणि आम्ही यांच्यामध्ये ट्रक होते. गोदामांपुढं रांगेनं उभे, उलटे येणारे, सुलटे जाणारे, मधे ताडपत्र्या वाळत घातलेल्या आणि डिझेलचा वास. एक सरदारजी खाटेवर बसून दाढीला जाळी बांधत होते. त्यांनी आम्हा दोघींना बघून खाट रिकामी करून दिली आणि हिंदीत म्हणाले, "बहनजी, यहाँ तो हम भी नहीं रहते, सिर्फ गाड़ी रहती है." चहा पाजून त्यांनीच आम्हाला शहराकडे जाणाऱ्या एका ट्रकात बसवून दिलं. मी, कन्याशाळेची शिक्षिका, ट्रकाच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी! कोल्हापुरात हे कुणी पाहिलं असतं तर माझी शाळाच सुटली असती. नलू खिडकीत बसून वारा खात होती आणि तिला ते फार आवडलेलं दिसत होतं.

मागांची गल्ली

तिसऱ्या दिवशी नलू ऑफिसात कागद दाखवायला गेली, तिथल्या एका ऑपरेटर बाईनं पत्ता सांगितला. इतवारीच्या मागच्या अंगाला, कोष्ट्यांची गल्ली, पार्वताबाईंचं घर.

गल्लीच्या तोंडाशीच मी थांबले. बाबांनी मला वस्ती बघायच्या तीन खुणा सांगून ठेवल्या होत्या: नळाला पाणी कसं येतं, शेजारी कोण आहे आणि गल्लीच्या तोंडाशी कोण उभं असतं. तोंडाशी एक बकरी उभी होती. तिच्यामागं पाच-सहा पुरुष बिड्या ओढत पत्ते कुटत होते. प्रत्येक घरातून हातमागाचा खटक-खटक आवाज येत होता. आमच्या इचलकरंजीचे माग मी ऐकलेले आहेत, पण ते कारखान्यात असतात. इथं माणसं मागाशेजारीच जेवतात, मागाशेजारीच झोपतात आणि या खडखडाटात एकमेकांशी बोलायचं म्हणून सगळी गल्ली ओरडूनच बोलते. बायका ओट्यावर बसून सुताच्या कांड्या भरत होत्या आणि समोरच्या ओट्यावरच्या बाईशी भांडल्यासारख्या गप्पा मारत होत्या.

पार्वताबाई पन्नाशीच्या, उंच, हातात सुताचा धोटा. "कोण पायजे वं?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"खोली आहे म्हणून कळलं."

"हाय नं. कोठून आल्या?"

"कोल्हापूरहून."

"बाप्पा! इतक्या दुरून? बसा, पाणी प्या आधी." पाणी दिलं, आमच्यासमोर फतकल मारून बसल्या आणि नलूकडे सरळ बघत म्हणाल्या, "गालाले काय झालं वं पोट्टी?"

माझ्या हातातलं पाणी पातळावर सांडलं. एकतर पोट्टी! आमच्याकडे हा शब्द कुणी मुलीला तोंडावर म्हटला तर भांडण होईल. आणि वर हा प्रश्न! इतक्या वर्षांत माझ्या तोंडून जो निघाला नाही, तो या बाईनं ओळख-पाळख व्हायच्या आत विचारला. मी उठायच्या बेतात होते.

पण नलू म्हणाली, "लहानपणी भाजलं. बंबातलं पाणी सांडलं."

"डोया वाचला नं?"

"हो. डोळ्याला काही झालं नाही."

"मंग झालं. दुखते काय आता?"

"थंडीत ओढल्यासारखं होतं."

"खोबऱ्याचं तेल कोमट करून लावत जाय." एवढं बोलून त्यांनी विषय संपवला आणि खोली दाखवायला उठल्या. थंडीत नलूचा गाल ओढतो, हे मला त्या दिवशी कळलं. तिची सख्खी बहीण असून.

खोली माडीवर, जिना अंगणातून. भिंती स्वच्छ सारवलेल्या, नळ अंगणात, पाणी दोन्ही वेळा. मला नाही म्हणायला कारण हवं होतं, म्हणून मी मुद्दाम ठासून सांगितलं, "हिला रात्रपाळी असते."

"मंग? आमचे माग बी रातच्यानं चालू राहतेत. गल्लीत कोणी ना कोणी जागंच राहते. कुत्रं तेवढं हाय, ते दोन दिवसांत ओयखते."

नलूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आठवडाभर राहून बघू. पक्कं मग सांगू. पार्वताबाई म्हणाल्या, "राहा नं, कोण पळवून नेते खोली!"

त्या दुपारी त्यांनी जेवायला वाढलं. श्रावण होता, म्हणून पाटवडीचा रस्सा. तिखटाचं आम्हा कोल्हापूरकरांना कुणी सांगू नये, असं मी आजवर छातीठोकपणे म्हणत आले. पहिला घास घेतला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. आमचा तांबडा रस्सा झणझणीत असतो, पण तो जिभेवर काय ते बोलतो. हा आधी गप्प बसला आणि घशाखाली गेल्यावर त्यानं हिसका दाखवला. मी रडत होते, नाक पुसत होते आणि पार्वताबाईंचे यजमान रामाजी, ज्यांच्या तोंडून तोपर्यंत शब्द फुटला नव्हता, ते शांतपणे म्हणाले, "आज बेताचं केलं वाटते." वर भातावर कोथिंबीर भुरभुरली, तिला तिथं सांबार म्हणतात.

पुढचे दोन दिवस मी धक्के खाण्यातच काढले. तिथं दार लावायची पद्धत नाही. कुणीही येतं, खाटेवर बसतं, आपण वेणी घालत असलो तर मागून केस धरतं. समोरच्या ओट्यावरची म्हातारी माडीवर येऊन नलूला म्हणाली, "लगन काहून नाही केलं वं?"

"कुणी पसंत केलं नाही," नलू म्हणाली.

"अन् तू? तू कोणाले पसंत केलं होतं का?"

मी तोंडात बोट घातलं. नलूही क्षणभर गडबडली, मग खुदकन हसली. म्हणाली, "नाही आजी. मला कुणी विचारलंच नाही."

"मंग फिटंफाट झाली की," म्हातारी म्हणाली आणि आमच्या डब्यातला एक लाडू उचलून गेली.

बिनमिशीचा बडग्या

आमच्या कोल्हापूरकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, तो आषाढातच होऊन जातो. पोळा आम्ही पुस्तकात वाचलेला. नागपुरात श्रावणी अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी कर. करीच्या दिवशी इतवारीतून मारबती निघतात. मारबत म्हणजे बांबू आणि कागदाची अवाढव्य बाई, एक काळी आणि एक पिवळी; गावाची इडापिडा ती घेऊन जाते, असं मानतात. तिच्यामागं बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. वर्षभरात ज्या ज्या गोष्टीनं लोकांना छळलं, तिचा बडग्या करायचा, त्याला गावभर मिरवत शिव्या घालायच्या आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. हे मला आधी कुणी समजावून सांगितलं असतं तर पुढची शोभा झाली नसती. मला इतकंच कळलं होतं की गल्लीतले तरुण कुणाचा तरी पुतळा करताहेत आणि तो जाळणार आहेत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खळीचा वास आला म्हणून मी गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या आवारात डोकावले. सुताला लावायची खळच ते कागद चिकटवायला वापरत होते. पुतळा भिंतीला टेकवून उभा होता, पुरुषभर उंच. चेहरा नुकताच घडवलेला. कानाला काळा रंगवलेला लाकडी टेलिफोन बांधलेला. खांद्यावरून एक काळी लांब दोरी पुढं आलेली, अगदी वेणीसारखी. आणि त्याचा डावा गाल चुरगळून, आखडून, मानेपर्यंत ओघळलेला होता.

टेलिफोन, वेणी आणि तो गाल. आणखी काय बघायचं राहिलं होतं? चार दिवस या लोकांनी आमच्या खाटेवर बसून आमचे लाडू खाल्ले, माझ्या बहिणीला गालाचं विचारलं, लग्नाचं विचारलं, ते याच्यासाठी! धरमपेठेतल्या बाईनं निदान तोंडावर गोड बोलून फाटक तरी लावलं होतं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी तशीच उलट फिरले आणि पार्वताबाईंच्या मागापुढं जाऊन उभी राहिले.

"आम्ही आजच निघतो," मी म्हटलं. "असल्या वस्तीत माझी बहीण एक दिवस राहणार नाही. तिला जाळणार तुम्ही? तिनं तुमचं काय वाईट केलं?"

पार्वताबाईंनी माग थांबवला. "कोणाले जाळून राहिले?"

"नलूला! तिचा बडग्या केलाय तुमच्या पोरांनी. मी डोळ्यांनी पाहून आले."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना राग आला आणि तो रागसुद्धा भलत्याच गोष्टीचा. "तुमची बहीण काय मंत्री हाय?" त्या म्हणाल्या. "बडग्या व्हाले माणूस मोठा लागते, बाई! कालची आलेली पोट्टी, तिचा कोण करते बडग्या? चाला माह्यासंगं."

माझा हात धरून त्यांनी मला त्या आवारात फरफटतच नेलं. देवराव नावाचा तिशीतला विणकर तिथं पुढारी होता. त्याला म्हणाल्या, "देवराव, हा कोण हाय, सांग याईले."

"हा? हा तं ट्रंक कॉलवाला साहेब," देवराव म्हणाला. "सुताचा भाव पुसाले मुंबईले फोन लावा, तं दिवसभर लाईनच लागत नाही. तेचा बडग्या हाय."

"आणि ही वेणी?"

"वेणी नाही जी, फोनची वायर."

"आणि साहेबाला मिशी नाही ती?"

"मिशी वायून राहिली." त्यानं पत्र्यावर उन्हात ठेवलेली, सुताच्या गुंत्याची झुबकेदार मिशी दाखवली. "उद्या लावाची हाय."

"मग गाल?" मी हट्टानं विचारलं.

"गाल बिघडला. खळ जास्त झाली म्हणून लोंबून राहिला." असं म्हणता म्हणता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं आधी गालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याच्या हातातला ब्रश खाली पडला. "ताईचा? तुमाले वाटलं, आमी ताईचा...?" आता धरणी दुभंगली तर बरं, असं मला झालं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "गाल माझा याच्यापेक्षा बरा आहे." नलू केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. ती पुतळ्याजवळ गेली, मान वाकडी करून तिनं त्याचा गाल निरखला. "हा असाच राहू दे. साहेबाला शोभतो."

पोरांना हसावं का नाही कळेना. मग नलूच हसली आणि मग आवार दणाणलं. मी हसले नाही. मी जिना चढून खोलीत गेले आणि ट्रंक भरायला घेतली.

गैरसमज होता, मान्य. पण म्हणून वस्ती भली ठरते का? जिथं माणसांचे पुतळे करून जाळतात, जिथं गालाबद्दल थट्टा होते आणि बहीणच ती थट्टा सुरू करते, तिथं मी तिला ठेवू? नलू वर आली. मी म्हटलं, "आपण परत जायचं. बाबांना मी सांगीन."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "तुझ्या शब्दावर आहे ना? मग कर तेवढी बघ आणि मग शब्द दे."

कर

पोळ्याला दारोदार पळसाच्या डहाळ्या लावल्या होत्या. करीच्या सकाळी त्या काढून लोक रस्त्यावर आले. श्रावण संपला होता, त्यामुळं घराघरांतून मटणाचा वास सुटला होता आणि काही पुरुषांनी सकाळपासूनच लावलेली होती, ते दुरूनही कळत होतं. पार्वताबाईंनी आम्हा दोघींना मुख्य रस्त्यावरच्या एका ओट्यावर बायकांच्या घोळक्यात नेऊन उभं केलं.

मी मिरवणुका पुष्कळ पाहिल्या आहेत. आमच्याकडच्या मिरवणुकीत देव असतो, लोक हात जोडतात. इथं समोरून आली ती बटबटीत डोळ्यांची, घरांच्या छताला टेकेल एवढी पिवळी बाई, आणि लोक तिला हात जोडत होते आणि शिव्याही देत होते. मागून ढोल, गुलाल, नाचणारे पुरुष. कुणी महागाईचा बडग्या केलेला, कुणी रेशनच्या तेलाचा. आमच्या गल्लीचा ट्रंक कॉलवाला साहेब हातगाडीवर उभा होता, झुबकेदार मिशी आणि लोंबता गाल घेऊन. त्याच्यापुढं देवराव घसा फोडून ओरडत होता:

"न लागणारी लाईन..."

"घेऊन जाय गे मारबत!" सगळा रस्ता ओरडायचा.

"सुताचा चढा भाव..."

"घेऊन जाय गे मारबत!"

इथपर्यंत मी समजू शकले. मग ओट्यावरच्या बायकांनी सुरुवात केली. एक ओरडली, माह्या सासूचा खोकला. दुसरी म्हणाली, पोट्ट्याचं नापास होणं. आणि पार्वताबाईंनी पदर खोचला, दोन्ही हात वर केले आणि ज्या आवाजात त्या गल्लीत हाक मारतात त्या आवाजात ओरडल्या, "माह्या नवऱ्याची दारू..."

मी चोरट्या नजरेनं खाली पाहिलं. रामाजी ओट्याला टेकूनच उभे होते, कानावर बिडी खोचलेली. बायको चारचौघांत, अख्ख्या इतवारीसमोर असं बोलली, आता काय होतं या भीतीनं मी नलूचा दंड धरला. रामाजींनी मान वर केली, हात वर केला आणि इतरांच्या सुरात सूर मिळवून म्हणाले, "घेऊन जाय गे मारबत!" अगदी मनापासून म्हणाले. संध्याकाळी ते पिऊनच घरी आले, तो भाग वेगळा.

मी या धक्क्यातून सावरत होते, तोच नलूनं माझा हात सोडवला. ती ओट्याच्या कडेला गेली. तिनं डोक्यावरचा पदर मागं टाकला, एरवी गावात ती तो डाव्या गालावर ओढून धरते. आणि ती ओरडली. नलूचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला माहीत नव्हतं.

"पोहे खाऊन जाणारे..."

रस्त्यावरच्या कुणाला काय कळलं असेल? काहीच नाही. पण त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. पार्वताबाई, देवराव, लाडू नेणारी म्हातारी, रामाजी, ढोलवाले, सगळ्यांनी एकदम आरोळी ठोकली, "घेऊन जाय गे मारबत!"

"'कळवतो' म्हणणारे..."

"घेऊन जाय गे मारबत!"

"पडद्याकडे बघणारे..."

"घेऊन जाय गे मारबत!"

ती थांबली तेव्हा तिला धाप लागली होती. तिच्या गालावर गुलाल बसला होता, दोन्ही गालांवर. मारबत पुढं गेली.

"नले," मी म्हटलं, "काय बोललीस हे? रस्त्यात उभं राहून?"

"त्यांना कुठं कळलं?"

"मला कळलं."

"तुझ्यासाठीच ओरडले, अक्का. घरात मला हे कुठं बोलता आलं असतं?"

मी तिथंच ओट्यावर खाली बसले. मला लाज वाटली, राग आला, हसू आलं आणि रडूही आलं, सगळं एकाच वेळी. तिनं ज्यांची नावं घेतली, त्या सगळ्यांसाठी पोहे मीच केले होते. पार्वताबाईंना वाटलं मला ऊन लागलं. त्यांनी मला घरी नेऊन कांदा हुंगवला.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून नलूसाठी स्टोव्ह, बादली आणि एक कुलूप आणलं. कुलूप बघून पार्वताबाई म्हणाल्या, "हे कायले?" सोमवारी ती कामावर हजर झाली. त्या दिवशी देवराव जिन्याखाली उभा राहून ओरडला, "ताई, आता तं लाईन लागन नं?" नलू वरून म्हणाली, "आधी रांगेत नंबर लावा." मी त्या रात्रीच्या गाडीनं निघाले.

कोल्हापूर

बाबा दारातच उभे होते. रिक्षातून मी एकटी उतरले, तरी त्यांनी माझ्या पाठीमागं नजर टाकली. मग सामान उचलून आत नेलं आणि मी पाय धुऊन येईपर्यंत थांबले.

"म्हणजे वस्ती भली निघाली," ते म्हणाले.

"नाही बाबा. भयंकर आहे."

मी त्यांच्याशी कधी खोटं बोललेले नाही. मी सगळं सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी पत्ते खेळतात. दारं लावत नाहीत. तोंडावर काहीही विचारतात. करीच्या दिवशी दारू पितात आणि त्यांच्या बायका ते रस्त्यावर ओरडून सांगतात. बाबांचा चेहरा हळूहळू कठीण होत गेला. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"आणि अशा ठिकाणी तू तिला ठेवून आलीस?"

"तीही ओरडली, बाबा."

"काय ओरडली?"

ती जे जे ओरडली ते सगळं, एक शब्दही न गाळता, मी त्यांना सांगितलं. आई पदरात तोंड घालून आत गेली. बाबांनी विचारलं, "मोठ्यानं?"

"अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं."

ते खुर्चीत मागं टेकले. "सांगलीचं एक स्थळ आलंय," ते म्हणाले. "मंडळी रविवारी बघायला यायची आहेत. तू तिला परत आणणार, असं धरूनच मी हो म्हणून आलो होतो."

मला त्यांच्याकडे बघवेना. बाबा उठले. त्यांनी कोट चढवला, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि चपला पायात सरकवल्या.

"जेवायच्या वेळेला कुठं निघालात?" आईनं आतून विचारलं.

"सांगलीला," बाबा म्हणाले. "येऊ नका म्हणून तोंडानं सांगून येतो."